गुडघ्याची गादी आणि कागदाचा इतिहास

मैसूरला पोस्टिंग आल्याचं कळलं तेव्हा बायकोने दसऱ्याची तारीख पाहिली आणि मी चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांची चौकशी केली. हजारावर पायऱ्या आहेत. चढताना काही वाटत नाही. उतरताना मोठा नंदी मागे पडला की उजव्या गुडघ्यात आतून काहीतरी अडकतं, 'कट्' असा आवाज येतो, आणि मी बाजूला उभा राहून शहराचा देखावा बघत असल्याचं नाटक करतो. देखावा चांगलाच आहे म्हणा.

मी सध्या एनसीसीत आहे. लो मेडिकल कॅटेगरीतले बरेच अधिकारी कधी ना कधी इथे येतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. या पानावर आजवर किल्ले, लढाया आणि पलटणी यांच्यावर लिहिलं. या वेळी गुडघ्यावर लिहितोय. निवृत्त मित्रांनी हसू नये. निम्म्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, हे मला ठाऊक आहे.

सुरुवात मात्र लढाईनेच करतो. मैसूरहून श्रीरंगपट्टण पंधरा-सोळा किलोमीटर. १७९९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी आणि निजामाच्या फौजेने टिपूच्या या राजधानीला वेढा घातला. ५ एप्रिलच्या रात्री कर्नल आर्थर वेलस्ली सुलतानपेठ तोप नावाच्या झाडीवर हल्ला घेऊन गेला. दिवसा टेहळणी केलेली नव्हती, अंधारात पलटण फुटली, माणसं झाडीत भरकटली, काही पकडली गेली. वेलस्ली कसाबसा परतला. त्या गोंधळात जोर संपत आलेली एक गोळी त्याच्या गुडघ्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशी उजेडात तीच जागा त्याने घेतली. महिन्याभराने, ४ मे रोजी, श्रीरंगपट्टण पडलं आणि हाच वेलस्ली तिथला गव्हर्नर झाला. चार वर्षांनी तो आपल्याकडे आला: १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई. पुढे वॉटर्लू, ड्यूक ऑफ वेलिंग्टन वगैरे सगळ्यांना माहीत आहे.

गुडघ्यावरचा तो मार किरकोळ होता, तरीही सव्वादोनशे वर्षांनी मला तो सांगता येतो. कारण तो लिहिला गेला. त्या रात्री त्याच झाडीत ज्या इतर शिपायांचे गुडघे मुरगळले असतील, त्यांच्याबद्दल मला एक ओळही सांगता येत नाही.

आता माझा गुडघा. २००० साली मी खडकवासल्याला कॅडेट होतो. एका कॅम्पमध्ये रात्री पाठीवर पिट्टू घेऊन पळताना पाय खड्ड्यात गेला, शरीर पुढे गेलं आणि गुडघा जागेवर फिरला. सकाळपर्यंत तो नारळाएवढा सुजला. एमआय रूमला जायला हवं होतं, म्हणजे तळावरच्या दवाखान्यात. पण सिक रिपोर्ट केला तर ट्रेनिंगचे दिवस बुडणार, दिवस बुडाले तर रेलिगेशन, म्हणजे सहा महिने मागे. बॅचचे मित्र स्टार लावणार आणि आपण ज्युनिअर पोरांबरोबर पुन्हा तीच टर्म करणार. रूममेटने क्रेप बँडेज बांधलं आणि मी लंगडत कॅम्प पुरा केला. त्याचा फार अभिमान वाटला होता. पुढची बरीच वर्षं हा किस्सा मी मेसमध्ये फुशारकीने सांगत असे.

२०१६ साली जवानांबरोबर बास्केटबॉल खेळताना तोच गुडघा वाकला तो सरळ होईना. अक्षरशः कुलूप लागलं. एमआरआय झाला. आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, बादलीच्या कडीसारखी फाटून सांध्यात अडकलेली, आणि मांडीच्या हाडाच्या टोकावरचा कूर्चेचा थर ग्रेड ३ पर्यंत गेलेला. अस्थिरोगतज्ज्ञ मेजर बाई वयाने लहान पण शांत होत्या. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरून विचारलं, "सर, हे काल फाटलेलं नाही. पहिला मार कधीचा?" मी खडकवासल्याचा किस्सा सांगितला, नेहमीच्या थाटात. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "कागद आहे का?"

नव्हता. माझ्या फायलीवर कोड पडला एम २३.२.

हा कोड म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फौजेच्या वैद्यकीय कागदांवर निदानापुढे एक अक्षर आणि काही आकडे असतात, तो आयसीडी, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक. त्याच्या दहाव्या आवृत्तीत एकाच गादीच्या एकाच फाटण्याला दोन घरं आहेत. एस ८३.२ म्हणजे मेनिस्कसची ताजी फाट. एम २३.२ म्हणजे जुन्या फाटीमुळे बिघडलेला मेनिस्कस. एसचं प्रकरण दुखापतींचं, एमचं प्रकरण स्नायू-अस्थींच्या रोगांचं. एस ८३.२ खाली स्पष्ट लिहिलेलं आहे की जुनी फाट इथे घालू नका, आणि एम २३ खाली लिहिलेलं आहे की ताजी दुखापत तिकडे न्या. कूर्चेच्या ताज्या फाटीला एस ८३.३, वाटीमागची कूर्चा मऊ पडली तर एम २२.४, सांधाच झिजला तर एम १७. म्हणजे आज जी दुखापत आहे, ती वेळेवर कागदावर आली नाही तर काही वर्षांनी रोग होऊन येते. सिव्हिलमधल्या माणसाला याने फारसा फरक पडत नाही, उपचार तेच. फौजेत पडतो, कारण आमच्याकडे उपचारानंतर पुढचा प्रश्न येतो: हे नोकरीमुळे झालं का?

ही दोन घरं कशी झाली, ते शोधायला मी मैसूरच्या रिकाम्या रविवारी बसलो.

गुडघ्याची बाजू आधी. १७४३ साली विल्यम हंटर नावाच्या तरुण डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला. त्यातलं एक निरीक्षण आजही टिकून आहे: कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती भरत नाही. तिला मज्जातंतूही नाहीत, म्हणून ती बिघडताना ओरडत नाही. आपल्याला दुखतं ते आजूबाजूच्या पडद्याचं आणि खालच्या हाडाचं. मैदानी तोफखान्याच्या भाषेत सांगायचं तर ठाणं पडल्यावरच रिपोर्ट येतो.

१७८४ मध्ये लीड्सच्या विल्यम हे या सर्जनने अडकणाऱ्या गुडघ्याला 'इंटर्नल डिरेंजमेंट' असं नाव दिलं. आत काहीतरी बिनसलंय, एवढाच त्याचा अर्थ. गुडघ्यात डोकावायची सोयच नव्हती, तर दुसरं काय लिहिणार? गंमत अशी की तेच नाव आजही आमच्या फायलींत चालतं. इंटर्नल डिरेंजमेंट नी, थोडक्यात आयडीके. फौजी डॉक्टरच विनोदाने सांगतात की त्याचा विस्तार 'आय डोन्ट नो' असा आहे. ज्या काळात आपल्याकडे महादजी शिंदे दिल्लीचं राजकारण करत होते, त्या काळातलं हे निदान एमआरआयच्या युगात एखाद्या जवानाच्या पेन्शनचा निकाल लावतं.

पुढची पावलं भराभर सांगतो. १८८३ साली एडिंबरोच्या अ‍ॅनन्डेलने एका खाणकामगाराचा सुटलेला मेनिस्कस टाके घालून बसवला. १९१८ मध्ये टोकियोच्या केंजी ताकागीने मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घातली, आणि त्याचा शिष्य मासाकी वातानाबे याने १९६२ मध्ये अशा दुर्बिणीतून फाटलेल्या मेनिस्कसचा तुकडा काढला. मधल्या काळात सर्जन अख्खी गादीच काढून टाकत. ती काढली की गुडघा एक्स-रेवर कसा बदलत जातो, हे १९४८ मध्ये फेअरबँकने दाखवलं. १९६१ मध्ये कॅनडाच्या आउटरब्रिजने कूर्चेच्या बिघाडाला चार पायऱ्या लावून दिल्या: पहिली, मऊ पडून सुजलेली. दुसरी, अर्ध्या इंचापर्यंत चिरलेली. तिसरी, अर्ध्या इंचाहून जास्त. चौथी, उघडं हाड. माझा 'ग्रेड ३' त्याच्या पट्टीतून आला. 'आत काहीतरी बिनसलंय' इथपासून 'अर्ध्या इंचाहून जास्त' इथपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षं लागली.

आता कोडची बाजू. आजारांची मोजदाद सुरू झाली ती मरणाच्या मोजदादीतून. लंडनच्या निबंधक कार्यालयात विल्यम फार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मृत्यूची कारणं वर्गवार मांडत होता. त्याचं म्हणणं असं की एकाच आजाराला चार नावं आणि चार आजारांना एकच नाव असेल तर हिशेब होऊच शकत नाही. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या लंडन परिषदेत सगळ्या रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते सुचवले. क्रिमियात गोळ्यांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मारले, हे त्यांनी आकड्यांवरून सिद्ध केलं होतं, त्यामुळे नोंदवहीची ताकद त्यांना कळलेली होती. १८९३ मध्ये पॅरिसच्या जाक बर्तिलॉनने शिकागोत जी यादी मांडली, ती जगाने उचलली आणि आजच्या आयसीडीची ती आजी. (या बर्तिलॉनचा भाऊ आल्फोन्स म्हणजे गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढणारा पोलीस अधिकारी. एक भाऊ माणसं ओळखत होता, दुसरा त्यांची मरणं.)

पण ही मुख्यतः मृत्यूच्या कारणांची यादी होती, आणि गुडघ्याने कोणी मरत नाही. गुडघ्याला जागतिक यादीत खरी जागा मिळाली १९४८ मध्ये, नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हातात घेतली आणि जिवंत माणसांचे आजारही नीट मांडले तेव्हा. मागे दोन महायुद्धं होती, जिवंत पण अधू झालेली माणसं देशोदेशी होती. (आपलं पुण्याचं एएफएमसीही त्याच वर्षीचं.) सहाव्या आवृत्तीत दुखापतीसाठी दोन वेगळ्या मालिका केल्या होत्या: काय मोडलं त्याची एक, आणि कशामुळे मोडलं त्याची दुसरी. मला हा विचार फार आवडला. रोगाला कारणाचा वेगळा कोड लागत नाही. दुखापतीला लागतो. म्हणजे 'कुठे, कसं, काय करताना' हा प्रश्न दुखापतीच्या घरातच उभा केला जातो, रोगाच्या घरात कोणी विचारत नाही. दहाव्या आवृत्तीत युद्धाच्या कारवायांसाठी वाय ३६ आहे. वेलस्लीचा गुडघा आज आला असता तर एस ८०.०, गुडघ्याला मुका मार, आणि सोबत वाय ३६.४, बंदुकीचा व नेहमीच्या शस्त्रांचा. अंधारात टेहळणीशिवाय हल्ला करण्याला कोड नाही.

हे सगळं मी आमच्या घरमालकांच्या मुलीला सांगत होतो. सरस्वतीपुरममध्ये आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. ती खाली तिच्या खोलीत बसून बेंगळुरूच्या कंपनीमार्फत अमेरिकन रुग्णालयांच्या फायलींचं कोडिंग करते, बऱ्याचदा रात्री. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीला आपल्या पद्धतीने शेपूट लावून २०१५ पासून वापरायला घेतलं. तिने लॅपटॉपवर दाखवलं: एस ८३.२११ए. बादलीच्या कडीसारखी फाट, आतला मेनिस्कस, ताजी, उजवा गुडघा, आणि शेवटचं अक्षर म्हणजे उपचार अजून चालू आहे. बरा होत असताना डी. आणि दुखापत जुनी झाली पण तिचे परिणाम भोगतोय तर एस, म्हणजे मागे राहिलेली खूण.

"अंकल, डॉक्टरने उजवा-डावा लिहिलं नाही तर मी लिहू शकत नाही," ती म्हणाली. "फोटोत दिसत असलं तरी नाही. डॉक्टरला प्रश्न पाठवायचा आणि थांबायचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिलं हेच सांगतात, लिहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही."

बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, कधी परेड पाहिलेली नाही, आणि तिने मेजर बाईंचंच वाक्य मला कॉफीबरोबर दिलं.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं खरं कारण माझा गुडघा नाही. मी लंगडतो, पगार मिळतो, बढतीचं जे व्हायचं ते झालं. कारण आहेत एक निवृत्त नायब सुभेदार, चंदगड तालुक्यातले, इथे मैसूरमध्ये एका सोसायटीच्या सिक्युरिटीवर सुपरवायझर. माझ्या नावाची पाटी वाचून एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले. "साहेब मराठी दिसतात, म्हणून आलो." हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळी नोकरी.

१९८६ ची भरती, २०१२ ची निवृत्ती. रिलीज मेडिकल बोर्डावर लिहिलेलं: ऑस्टिओआर्थ्रायटिस, उजवा गुडघा, एम १७, वीस टक्के, आणि पुढे चार अक्षरं, नाना. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. पेन्शनच्या कागदात नाना म्हणजे 'नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीने वाढलेलंही नाही' याचं इंग्रजी लघुरूप. एकदा नाना बसले की अपंगत्वाचा हिस्सा मिळत नाही.

"गुडघ्याला मार कधी लागला होता का, सुभेदारसाहेब?"

"चौऱ्याण्णव साली, कुपवाड्याला. पेट्रोलवरून उतरताना बर्फात पाय सरकला, एलएमजी माझ्याकडं. हत्यार सोडायचं नाही म्हणून पाय तसाच पिळवटला."

"मग?"

"मग काय साहेब. ब्रुफेन आणि अटेंड सी, सात दिवस."

अटेंड सी म्हणजे हलकं काम, पीटी माफ. ज्यांनी फौज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, अशा दुखापतीला एक फॉर्म असतो, आयएएफवाय-२००६, इंज्युरी रिपोर्ट. कुठे, कधी, कोणत्या ड्युटीवर, साक्षीदार कोण, आणि कमांडिंग ऑफिसरची सही. हाड मोडलं तर तो भरला जातो. गुडघा मुरगळला तर जवानच म्हणतो जाऊ द्या, कंपनी सीनियर जेसीओ म्हणतो जाऊ द्या, आणि कंपनी कमांडर म्हणून मीही कितीदा म्हणालो असेन, याचा हिशेब आता नको वाटतो. सारखा सिक रिपोर्ट करणारा तो कामचोर, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलेलो असतो. एम १७ च्या पोटातही दोन वाटा आहेत: प्राथमिक झीज एम १७.१, आणि जुन्या माराने आलेली झीज एम १७.३. बोर्डाने दशांशानंतरचा आकडाच लिहिला नव्हता. लिहायला कोणाकडे काही आधारही नव्हता.

कायदा मात्र इतका कोरडा नाही. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह यांच्या खटल्यात निकाल दिला. सिग्नल्सचे शिपाई, सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे वीस टक्के अपंगत्वावर घरी पाठवलेले, पेन्शन नाकारलेली. न्यायालयाने १९८२ च्या हक्कनियमांवर बोट ठेवलं: भरतीच्या वेळी कागदावर काही दोष नोंदलेला नसेल तर माणूस धडधाकट आला असं मानायचं, पुढे बिघडला तर नोकरीने बिघडला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर कारणं लिहावी लागतील. २०१५ मध्ये राजबीर सिंह यांच्या खटल्यात हेच पुन्हा सांगितलं गेलं. २०२३ मध्ये हक्कनियम नव्याने आले, पण सुभेदारसाहेब जुन्या नियमांत बसतात. त्यांच्या बोर्डाने कारण म्हणून एकच ओळ लिहिली होती, की हा वयाने होणारा झिजेचा आजार आहे. भरतीच्या वेळचा त्यांचा कागद स्वच्छ आहे, तो मी स्वतः पाहिला.

तरी मी त्यांना म्हटलं, गावी फोन लावा आणि ट्रंक उपसायला सांगा. न्यायालयाचा निकाल एका बाजूला, पण त्या दिवसाचा कागद तो कागद. वहिनींनी आठ दिवस ट्रंक उपसली. मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: एमआय रूमची चिठ्ठी, पिवळी, घडीवर फाटलेली, एलआयसीच्या पावत्यांत दबलेली. तारीख आहे, १९९४ ची. गिचमिड अक्षरात 'पेट्रोलवर घसरून गुडघा पिळवटला' अशा अर्थाची अर्धी ओळ, खाली अटेंड सी, सात दिवस. सही आहे.

गुडघा कोणता, ते लिहिलेलं नाही.

मी तो फोटो खाली नेऊन घरमालकांच्या मुलीला दाखवला, उगाच. तिने मोठा करून पाहिला, दोनदा वर-खाली सरकवला, आणि मान हलवली. सुभेदारसाहेबांना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना. "उजवाच साहेब. डावा कधी दुखलाच नाही. दुसरा कुठला असणार?"

अपील मी लिहून दिलं. डावा गुडघा बोर्डाच्या वेळी निरोगी असल्याची नोंद त्याच फायलीत होती, ती लाल पेन्सिलीने खूण करून जोडली. त्यांच्या सेक्शनचा तेव्हाचा कमांडर खानापूरजवळच्या गावात आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र बेळगावात नोटरीपुढे करून घेतलं. त्यात 'उजवा' हा शब्द तीनदा घालायला मी सांगितलं होतं, वकिलांनी एक कमी केला. फाइल गेली आहे, उत्तर यायचं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या कॅम्पमध्ये अडथळ्यांवर उडी मारताना एका कॅडेट मुलीचा पाय मुरगळला. मंड्याची पोरगी, अठरा वर्षांची, पुढच्या वर्षी ओटीएला जायचं म्हणते. मी पोहोचलो तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "आय अ‍ॅम फाइन, सर." तिला खाली बसवलं, पीआय स्टाफला फॉर्म आणायला पाठवलं आणि तंबूतच भरायला घेतला. वेळ, जागा, कोणता अडथळा, कोण कोण हजर होतं. तिने विचारलं, "सर, इससे मेरा मेडिकल खराब तो नहीं होगा?"

मी म्हटलं, "बेटा, लेफ्ट है या राइट?"